बाबांचा माउस आणि माझा ट्रॅकपॅड

मी माझ्या सासऱ्यांचा माउस लपवला होता.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. माउसची ही गोष्ट घरात फक्त माझ्या नवऱ्याला, निखिलला माहीत आहे. आता तुम्हालाही.

बाबा म्हणजे निखिलचे वडील. मुलुंडच्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन. आधी पेन्सिल-टीस्क्वेअर, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर. रिटायर झाल्यावरही बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांचे किचनचे ओटे, माळे, खिडक्यांच्या ग्रिल यांचे प्लॅन त्यांनीच काढले. फुकट. वर चहाही स्वतःच्याच घरचा पाजायचे.

माझं वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि आम्ही दोघं एकाच डायनिंग टेबलवर आलो.

मी ट्रॅकपॅडवाली. माउस म्हणजे मला उगाच एक वायर आणि टेबलवर अडगळ वाटते.

बाबा माझ्याकडे बघून मान हलवायचे. "बोट घासून सरळ रेघ येता काय गो?"

"बाबा, मला रेघा नाही काढायच्या. मला मेल लिहायचेत."

"मग ठीक आसा. मेल वाकडे चलतत."

अशी आमची मस्करी. रोज.

मग बाबांना स्ट्रोक आला.

उजवा हात गेला. जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त बोलणं तीनदा ऐकावं लागेल.

घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती माउस.

मी म्हटलं, "बाबा, उजवा हात चालत नाही ना अजून. हा लॅपटॉप घ्या. डाव्या हाताचं एक बोट फिरवायचं फक्त. सोपं आहे."

त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी परत माउस. तिसऱ्या दिवशी परत.

चौथ्या दिवशी मी तो माउस गव्हाच्या डब्यामागे ठेवला आणि त्यांना सांगितलं, बिघडला, टाकून दिला.

निखिल नवीन आणायला निघाला होता. मीच अडवलं. "दोन आठवडे थांब ना. सवय होईल त्यांना."

आणि झाली की सवय! डाव्या बोटाने बातम्या, व्हॉट्सॲप, गावच्या भजनांचे व्हिडिओ, सगळं चालू झालं.

मी त्याचा रील टाकला होता. 'बाबा इज बॅक'. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हार्ट टाकले होते. सून असावी तर अशी, असंही कोणीतरी लिहिलं होतं.

एक गोष्ट मी त्या रीलमध्ये सांगितली नव्हती. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बाबांनी एकदाही उघडलं नव्हतं.

हळूहळू लॅपटॉपही बंदच राहायला लागला.

एका दुपारी कॉल संपवून मी बाहेर आले. बाबा टेबलाशी बसले होते. समोर एक वाटी उपडी ठेवलेली. तिच्यावर त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलून ठेवला होता, आणि डाव्या हाताने त्या हाताला ढकलत होते.

पुढे. मागे. पुढे. मागे.

कपाळावर घाम.

"बाबा, काय करताय?"

त्यांनी दोनदा सांगितलं. मला तिसऱ्यांदा कळलं.

"हात मरूक नाय गो. निजलो आसा."

मी किचनमध्ये गेले. डब्यामागून माउस काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

ते माउसकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"सॉरी बाबा. मला वाटलं, तुम्हाला सोपं पडेल."

बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस नाही. मी चहा ठेवायचे, ते प्यायचे. बस. ओरडले असते तर बरं झालं असतं, यार.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आधी माका इचारूक व्हया होता."

"हो बाबा."

"आता वायर लाव."

त्यानंतर रोज सकाळी एक तास. उजवा हात माउसवर, डावा हात उजव्यावर. पहिला महिना कर्सर नुसता थरथरायचा. फिजिओवाली म्हणाली, करू द्या, चांगलंच आहे. पाचव्या महिन्यात डावा हात बाजूला झाला. एक दिवस क्लिकचा आवाज आला आणि मी मीटिंग म्यूट करून धावत गेले.

हात पूर्ण कधीच आला नाही. खोटं कशाला सांगू.

पण तिसऱ्या मजल्यावरच्या शाहभाभींच्या ओट्याचा प्लॅन त्यांनी काढला. भाभींची उंची कमी म्हणून ओटा तीन इंच खाली घेतला. पूर्वी एका संध्याकाळचं काम, आता नऊ दिवस लागले. प्रिंट हातात घेऊन भाभी म्हणाल्या, "काका, एकदम झकास!"

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. सरळ आसा मा?"

सरळ होत्या, बाबा. सगळ्या रेघा.

त्यानंतर चार महिन्यांनी, झोपेतच गेले.

मागच्या रविवारी बोरिवलीला आईकडे गेले होते. तिचे गुडघे आता फार दुखतात. मी वॉकरचे फोटो दाखवायला फोन काढला, "आई, हा घे, सोपं..." एवढंच बोलले.

फोन ठेवला. तिच्या बाजूला बसले.

"तुला काय हवंय गं?"

आई म्हणाली, "मला खाली जाऊन भाजी आणायचीये. माझी मी. तू फक्त मागून ये."

दोन मजले उतरायला आम्हाला पाव तास लागला. मी मागून गेले.

बाबा, तुमची फार आठवण येते. तुम्हाला मनापासून नमस्कार.