राजवाड्याजवळचा बॅगवाला

मुलांनो, विमानात सोबत ठेवायची बॅग महाग घ्यावी की स्वस्त, असं तुम्ही विचारलंत. माझी महागडी बॅग अजून धड आहे. पण ती मी पारखून घेतली नव्हती. स्वस्त बॅगवाल्याकडे परत जायला तोंड उरलं नाही, म्हणून घेतली.

परदेशी सामान तेव्हा दुकानांत नुकतंच येऊ लागलं होतं. तंजावुरात राजवाड्याजवळच्या एका ओट्यावर बसून तो रेक्झिनच्या बॅगा शिवायचा. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. शिवण झाली की बॅग खुंटीला अडकवून दोन्ही हातांनी हिसका द्यायचा आणि मगच मान वर करायचा.

मी आणि तुमचे आजोबा गेलो. भाव तमिळमध्ये विचारला. मग, दुकानदाराला कळू नये म्हणून आपण नेहमी करतो तसं, मी आजोबांना मराठीत म्हणाले, "असली पिशवी घेऊन विमानात चढू? लोक मला स्वयंपाकीण समजतील. आणि याचे हात तरी बघा, किती मळके!"

आजोबा हसले. त्या माणसाने सुई खाली ठेवली, हात लुंगीला पुसले आणि तो आपण घरी बोलतो त्याच जुन्या तंजावरी मराठीत म्हणाला, "हात मेणाने काळे झालेत, अक्का. बॅगेला डाग लागत नाही. ओढून पाहा की."

आवाजात राग नव्हता. मला फक्त 'चुकलं माझं' म्हणायचं होतं, तेही घरच्या भाषेत. पण मी इतकी ओशाळले की त्याला इंग्रजीत "नो, थँक यू" म्हणाले आणि चालू लागले.