हार्ड डिस्कची खंडेनवमी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला. कुणाच्या अंगात आलंय असं कळलं की मी आधी ताप बघायला सांगायची! तीच मी आज गूढ अनुभवांच्या या सदरात लिहायला बसलेय...

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत आमचं घर. आमचे हे चादरींची डिझाईन्स काढायचे — कॉम्प्युटरवर, एकेक चौकोन भरत. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, आत माझं स्वयंपाकघर. दुपारचं काम झालं की ते फाईल सेव्ह करायचे आणि जुनी हार्ड डिस्क कुरकुरायची — कर्र... कर्र... कट्. बाहेर मागांचा कितीही खडखडाट असो, मला तो आवाज बरोबर ऐकू यायचा. तो आला की मी चहा ठेवायची. त्यांना कधी मागावा लागला नाही.

ते गेले. मुलगी पुण्यात, तिचा फोन रविवारी. बाकीचे दिवस घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही. मग मी एक खूळ सुरू केलं — रोज दुपारी कॉम्प्युटर लावायचा, त्यांची एखादी फाईल उघडायची आणि तशीच सेव्ह करायची. कर्र... कर्र... कट्. मग चहा.

पुढे मशीन अडकायला लागलं. आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला इरण्णा आला. ह्यांना तो अण्णा म्हणायचा, मला बाई. त्यानं डब्याला कान लावला.

"बाई, डिस्क चाललीय. रोज लावू नका. बसली की अण्णांची सगळी डिझाईन्स गेली बघा."

"मग काय करायचं?"

"ह्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी टाकू की. विंडोज, फाइली, हाय तसं सगळं त्याच्यावर क्लोन करतो. लई फास्ट चालतंय."

"आणि आवाज?"

"कसला आवाज? त्यात फिरणारं कायच न्हाय की ओ!"

त्याला वाटलं, मी खूश होईन. मला मात्र कळून चुकलं — एक तर त्यांचं काम वाचेल, नाहीतर त्यांचा आवाज. त्यांची जन्मभराची मेहनत माझ्या हट्टापायी घालवणं बरं नव्हतं. मी हो म्हणाले.

क्लोन अर्ध्यात अडकलं, त्यानं पुन्हा लावलं. दुपारभर जुनी डिस्क कुरकुरत होती. मी मेथी निवडायचं निमित्त करून शेजारीच बसून राहिले. संध्याकाळी नवीन ड्राइव्हवर कॉम्प्युटर सुरू झाला — मी चष्मा लावेपर्यंत स्क्रीन तयार! सगळं जागच्या जागी. आवाज मात्र शून्य. इरण्णा गेल्यावर मी पोटभर रडले.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि त्यांना सुट्टी द्यायची. आख्ख्या गल्लीतले माग बंद. ऐकायचे नाहीत ते फक्त आमचे हे! सकाळी कॉम्प्युटरला स्वतः हळद-कुंकू लावायचे आणि दुपारी हळूच सुरू करायचे — "एवढी बॉर्डर संपवतो गं." मी आतून ओरडायची. दर वर्षीचं ठरलेलं भांडण.

गेल्या वर्षीच्या त्या खंडेनवमीला मी त्यांच्या टेबलावर पाट ठेवला, त्यावर ती काढलेली डिस्क. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. कॉम्प्युटरचा प्लग काढूनच ठेवला होता. दुपारी इरण्णा प्रसादाला आला, पुढच्या खोलीत पेपर चाळत बसला. मी आत शिरा गरम करत होते. मागांचा आवाज नसल्यानं गल्ली अगदी गप्प होती.

आणि... कर्र... कर्र...

"अहो, आज तरी त्याला सुट्टी द्या की!"

सवयीनं तोंडातून निघून गेलं. आवाज मधेच थांबला. शेवटचा 'कट्' आलाच नाही. आणि मग माझ्या हातातला कालथा खाली पडला.

बाहेर आले तर इरण्णा उभा राहिलेला. "बाई... जुनी डिस्क परत जोडली का?"

"कुठे जोडलीय? ती बघ, पाटावर."

वायर नाही, काही नाही. त्यानं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "गरम हाय की ओ..."

मीही हात लावून पाहिला. खरंच गरम होती, चालू मशीनमधून काढावी तशी. टेबलावर ऊन येत नाही, निरांजन आत देवघरात होतं. मी सगळी कारणं तपासली, एकही लागू पडलं नाही. मला एकटीला ऐकू आलं असतं तर मनाचे खेळ म्हटलं असतं. पण इरण्णानंही ऐकलं. तेव्हापासून तो गडी उंबऱ्यातूनच बोलतो, आत येत नाही.

उत्तर मला आजही सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. भीती वाटली का, असं मुलीनं विचारलं. नाही वाटली. वाईट वाटलं — इतक्या दिवसांनी आले आणि मी त्यांच्यावर ओरडले. त्यानंतर डिस्क परत वाजली नाही.

आता यंदाची खंडेनवमी जवळ आलीय. पाट मांडणार आहे, फूलही वाहणार आहे. पण या वेळी मी तोंडातून शब्द काढणार नाही. होऊ दे त्यांची बॉर्डर पुरी... मी आत दोघांचा चहा ठेवून बसेन.