शेवटच्या घरी पाणी

वेणूबाईंनी सासूला सहा वर्षं सांभाळलं, आणि त्या आजाराला काही नाव असतं हे त्यांना सासू गेल्यावर कळलं. लोणी काळभोरात सगळे म्हणायचे, म्हातारीला चळ लागलाय. वेणूबाईही चिडायच्या. "आत्ताच तर जेवलात की!" म्हणून एकदा त्यांनी सासूच्या पुढचं ताट ओढून घेतलं होतं. पुढे पुण्यातल्या एका संस्थेनं स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन कसं सांभाळायचं याचा वर्ग काढला. वेणूबाई त्या वर्गाला बसल्या, आजाराची सगळी लक्षणं ऐकली आणि डबा खायच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. मग डोळे पुसले, वर्ग पुरा केला आणि कामाला लागल्या. आज बावन्नाव्या वर्षी त्यांच्याइतकं आपल्या कामात रमलेलं माणूस शोधून सापडायचं नाही.

संस्थेनं त्यांना बिबवेवाडीत दिगंबररावांकडे पाठवलं. दिगंबरराव अठ्ठ्याहत्तरचे, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त. घरात पत्नी आनंदीबाई, मुलगा आमोद आणि सून तनया. मुलगा-सून दोघंही खराडीला नोकरीला, म्हणजे दिवसाचे तीन तास रस्त्यालाच वाहिलेले.

पहिल्या दिवशी वेणूबाईंना बस बदलून यायला पंधरा मिनिटं उशीर झाला. आनंदीबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. आम्ही काय, घरातच असतो."

वेणूबाई चपला काढता काढता हसल्या. टोमणा मारणाऱ्या माणसाचं त्यांना कधीच भय वाटत नसे. न बोलता कुढणारं माणूस त्यांना जड जायचं.

चहा देताना आनंदीबाईंनी सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. नवरा तसा शांत. जेवतो, झोपतो, बायकोला ओळखत नाही पण 'बाई' म्हणून आदरानं बोलतो. भांडण सगळं पाण्यावरून. संध्याकाळी साडेपाच वाजले की उठायचं आणि घरातले सगळे नळ सोडायचे. एकदा घरात कुणाचं लक्ष नव्हतं, तर पाणी झिरपून खालच्या बद्रीनाथांच्या नव्याकोऱ्या छतातून त्यांच्या सोफ्यावर उतरलं. बद्रीनाथांनी सोसायटीला पत्र दिलं. सोसायटीनं आमोदला पत्र दिलं. पुण्यात पाण्याइतकीच पत्रंही वेळेवर येतात.

"म्हणून आमोदनं युक्ती केली," आनंदीबाई म्हणाल्या. "कामावर जाताना मेन कॉक बंद करून जातो. बादल्या भरून ठेवतो. तर झालं काय, कोरडे नळ बघून हे जास्तच बिथरले. सगळे सोडले आणि तसेच ठेवले. कोरडेच असल्यामुळे मलाही कळलं नाही. रात्री आमोदनं येऊन कॉक उघडला आणि आम्ही जेवायला बसलो, तेवढ्यात मागच्या मोरीतून लोट. बद्रीनाथ पुन्हा वर."

"मग आता?"

"आता एक सेंटर बघून ठेवलंय. शहराबाहेर. फॉर्म भरलाय. पुन्हा एकदा पाणी खाली गेलं, तर पहिल्या तारखेला यांना तिथं पोचवायचं, असं ठरलंय." त्यांनी कप उचलले. "मी ठरवलेलं नाही, वेणूबाई. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. मला ओळखत नसले तरी या घरात आहेत ना. मला ते इथं हवेत."

एवढं बोलून त्या आत गेल्या. पहिल्या तारखेला अकरा दिवस होते.

पहिले चार दिवस वेणूबाईंनी नुसतं पाहिलं. त्यांची ती पद्धतच होती. दिगंबरराव दुपारी झोपत, पाचला उठत, तोंड धूत, सदऱ्याच्या बाह्या दुमडत. साडेपाचला पहिला नळ स्वयंपाकघरातला. पूर्ण उघडायचा, मान कलती करायची आणि कुणी तरी काही म्हणेल अशा आशेनं थांबायचं. मग न्हाणीघर, बेसिन, शेवटी मागची मोरी. प्रत्येक ठिकाणी तसंच थांबायचं. कोरडे नळ ढिम्म. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू रडवेला व्हायचा. मागून वेणूबाई ते नळ बंद करत जायच्या.

"बाबा, चला, चहा घेऊ," वेणूबाईंनी दुसऱ्या दिवशी हात धरला, तर त्यांनी तो झटकला.

"सोडा! पेठ खोळंबलीये. बायका हंडे घेऊन उभ्यात."

पाचव्या दिवशी वेणूबाई भाजी निवडायला आनंदीबाईंच्या शेजारी बसल्या. "काकू, पान्याच्या खात्यात म्हंजी साहेब नेमकं काय करायचे? हापिसात हुते?"

"कसलं ऑफिस! चावीवाले होते हे," आनंदीबाई म्हणाल्या. "ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पेठेतून फिरायचं. रस्त्यातलं झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, एका बोळाला पाणी सोडायचं. तासाभरानं बंद करायचं, की पुढचा बोळ. लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा पालिकेत अधिकारी आहे. अधिकार होता म्हणा, अख्ख्या पेठेच्या हंड्यांवर."

वेणूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

लोणीत त्यांच्या गल्लीलाही पाणी असंच यायचं. पंचायतीचा सर्जेराव खालच्या अंगाला चावी फिरवून उभा राही आणि वरच्या घरातून कुणी तरी हाळी घालावी लागे, आलं हो! ती हाळी ऐकल्याशिवाय सर्जेराव जागचा हलत नसे. नळीत हवा अडकली असेल तर त्याला कसं कळणार? सून म्हणून घरात आल्यावर वेणूबाईंनी पहिली दहा वर्षं रोज ती हाळी घातली होती.

"काकू," त्या म्हणाल्या, "आवं, ते पानी सांडत न्हाईत. ते पानी सोडून वाट बघत्यात. आलं म्हणून कुणी सांगतच न्हाई, तर बंद कसं करतील वो?"

"एवढी वर्षं संसार केला," आनंदीबाई म्हणाल्या, "आणि हे बाहेरच्या बाईनं सांगावं लागलं." पण त्यात टोमणा नव्हता.

रविवारी आमोद घरी होता, तरी पाचच्या आधी त्यानं कॉक बंद केलाच. वेणूबाईंनी त्याला कॉक उघडायला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहराच उतरला.

"मावशी, प्लीज. बद्रीनाथ काकांनी परवाच लास्ट वॉर्निंग दिलीये. आज परत लीकेज झालं, तर मला चॉइसच उरणार नाही. मला काय हौस आहे का बाबांना पाठवायची?"

त्याला खरंच हौस नव्हती. दोन महिने त्याला धड झोप नव्हती आणि तो वडिलांना भीत नव्हता एवढा बद्रीनाथ वर येऊन वाजवतील त्या बेलला भीत होता.

"पाणी खाली गेलं तर मी स्वतः त्यांची बॅग भरीन," आनंदीबाई म्हणाल्या. "उघड."

आमोदनं कॉक उघडला आणि पुसायचं फडकं हातात घेऊन मोरीपाशी उभा राहिला. तनयानं बादल्या मांडल्या. घरातल्या चौघांचे डोळे घड्याळाकडे. साडेपाचला दिगंबरराव आले, स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाण्याची जोरदार धार लागली. त्यांनी मान कलती केली.

वेणूबाई मुद्दाम पुढच्या खोलीत जाऊन उभ्या होत्या. तिथून त्यांनी ठणकावून हाळी दिली, "आलं हो भाऊ, पानी आलं!"

दिगंबररावांचा चेहरा उजळला. बऱ्याच महिन्यांत त्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. "जोर आहे का?"

"लई जोर हाय!"

त्यांनी समाधानानं मान डोलावली. नळ मात्र बंद केला नाही. तो तसाच वाहता ठेवून ते न्हाणीघरात गेले, तिथला सोडला. वेणूबाईंनी पुन्हा हाळी दिली. बेसिनचा सोडला, पुन्हा हाळी. मोरीचा सोडला. चार नळ धो धो वाहू लागले. मोरीची जाळी पाण्याला पुरेना, ते उंबऱ्याशी चढायला लागलं. आमोद फडकं टाकून पुढे झाला. आपलं काय चुकलं, हेच वेणूबाईंना कळेना.

दिगंबररावांनी वळून आवाज दिला, "शेवटच्या घरी पोचलं का?"

हा प्रश्न सर्जेरावानं कधी विचारला नव्हता. लोणीतलं वेणूबाईंचं घर गल्लीत दुसरं होतं.

"शेवटच्या घरी?" म्हातारा पुन्हा ओरडला. आवाजात काळजी होती. "चढावर आहे ते. सगळ्यांना मिळतं, त्यांनाच मिळत नाही!"

पाणी उंबऱ्याला टेकलं. आमोदनं नळाला हात घातला. तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून, तारस्वरात, जन्मात कधी ओरडल्या नसतील अशा आनंदीबाई ओरडल्या, "आलं हो! शेवटच्या घरी आलं! हंडा भरला!"

दिगंबररावांनी आमोदचा हात बाजूला केला आणि स्वतः नळ बंद केला. मग बेसिनचा, न्हाणीघरातला, स्वयंपाकघरातला, एकामागून एक, घट्ट. मोरीतलं पाणी जाळीतून उतरत गेलं. खालून कुणीही आलं नाही.

मग ते गॅलरीत गेले. आनंदीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, धाप लागली होती, डोळे भरून वाहत होते आणि त्या हसत होत्या.

"तुम्ही का त्या शेवटच्या घरच्या?"

"हो."

"काळजी करायची नाही, बाई," दिगंबरराव त्यांना म्हणाले. "तुम्हाला पाणी मिळाल्याशिवाय मी इथून जात नसतो."

आमोद मोरीपाशी ओल्या पायांनी उभा होता. त्यानं खिशातून फोन काढला, सेंटरचा नंबर लावला आणि फोन उचलला गेल्यावर आपलं नाव सांगून म्हणाला, "पहिल्या तारखेची आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या. बाबा घरीच राहणार आहेत."