राहून गेलेली ओळ

रुकय्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन प्राजक्ताचा होता. रुकय्याच्या हाताखाली वकिली शिकून पुढे तिच्याच ऑफिसात बरोबरीने काम करू लागलेली ही प्राजक्ता. मॅडम सकाळी गेल्या, हार्ट अटॅक, येवल्याला भावाकडे नेतायत, एवढंच तिने सांगितलं. मी बरं म्हटलं आणि जुडी संपवली. पानं धुऊन चाळणीत निथळत ठेवली, साडी बदलली, स्टँडवर जाऊन येवल्याची एसटी पकडली. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली की माणूस रडतो, निदान हातातलं टाकतो तरी. माझं तसं काही झालं नाही. आज सहा आठवडे झाले, अजून झालेलं नाही. येवल्याला बायकांमध्ये बसले होते तेव्हा तिची भावजय म्हणाली, "आपा तुमचं नाव लय काढायच्या. म्हणायच्या, शैला माझ्याशी भांडते, पण माझ्यापासून काही लपवत नाय." मी नुसती मान हलवली.

आम्ही दोघी नाशिकच्या कॉलेजात एका बाकावरच्या. ती विणकराची मुलगी. वडील मागावर पैठण्या विणायचे आणि हिने आयुष्यात एकही पैठणी नेसली नाही. वकिलाच्या काळ्या कोटाखाली मोर कोणाला दिसणार, म्हणायची. ती वकील झाली, मी सरकारी नोकरीत शिरले आणि बदल्या होत होत मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका झाले. टाकलेल्या, पळालेल्या, आईबाप मजुरीला जाऊन न परतलेल्या अशा मुली बालकल्याण समिती आमच्याकडे पाठवायची. जागेच्या मानाने मुली जवळजवळ दुप्पट. तपासणी आली की आम्ही कपाटातल्या नव्या चादरी काढायचो आणि साहेब लोक गेले की परत घडी घालून ठेवायचो. सगळीकडे असंच चालतं, मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. एकदा रुकय्या मुलींना कायद्याची माहिती द्यायला म्हणून आली, खाटांवरून हात फिरवत गेली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शैला, चादरींच्या घड्या अजून मोडल्या नाहीत गं." चारचौघांत ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने संडास पाहिले, सहा वर्षांच्या पोरी सतरा वर्षांच्या मुलींशेजारी फरशीवर झोपतात हे पाहिलं, आणि थोरल्यांपैकी काहीजणी धाकट्यांना मारतात हेही तिला कोणीतरी सांगितलं. मला ते आधीपासून माहीत होतं.

पुढे एका संस्थेच्या वतीने तिने मुंबईला हायकोर्टात जनहित याचिका घातली. घालण्याआधी माझ्या घरी आली, चहा घेतला आणि मला तोंडावर सांगितलं. मग आम्ही कडाकडा भांडलो. माझं म्हणणं असं की कोर्टाने बालगृह चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. वरून हुकूम सुटतो, खालचा माणूस तो पाळल्याचा कागद तयार करतो आणि फरफट होते ती पोरींची. त्यापेक्षा मला चार काळजीवाहक बायका जास्त द्या, मी सुधारून दाखवते. ती शांतपणे म्हणाली, "तू खात्याला किती पत्रं लिहिलीस? एकाचं तरी उत्तर आलं? तुझ्या पत्राला ते उत्तर देत नाहीत, कोर्टाला द्यावं लागतं." आता वाटतं, दोघींचंही खरं होतं. त्या दिवशी मात्र मला एवढंच दिसत होतं की प्रतिवादींच्या यादीत माझा हुद्दा आहे, आणि तो माझ्या मैत्रिणीने घातलाय.

याचिकेची प्रत ऑफिसात आली. अशा कागदात शेवटी विनंत्या असतात, म्हणजे कोर्टाने नेमकं काय करावं ते. त्यातली एक होती, बारा वर्षांखालच्या मुलींना मोठ्या मुलींपासून वेगळ्या बालगृहात ठेवावं. ते वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर यमुना आणि हिरा आल्या. पेठकडच्या डोंगरातल्या सख्ख्या बहिणी, एक तेरा वर्षांची, एक आठ. आई नव्हती, बाप द्राक्षाच्या बागांवर कामाला गेला तो गेलाच. यमुनेच्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय हिराला झोप लागत नसे. आमच्याकडे धाकट्या मुलींसाठी दुसरं सरकारी बालगृह जवळपास नव्हतं, म्हणजे हिरा पार दुसऱ्या जिल्ह्यात जाणार हे उघड होतं. 'सख्ख्या बहिणी सोडून' एवढे तीन शब्द तिथे हवे होते. फोन टेबलावरच होता... मी केला नाही. मोठी आली आम्हाला शिकवणारी, कळू दे तिचं तिलाच, असं चक्क मनात आलं. नंतर सरकारी वकिलांनी आमच्या उत्तराचा मसुदा पाठवला, त्यात सगळे आरोप अमान्य एवढंच होतं. ही अडचण मला त्यातही घालता आली असती. मी मूग गिळून सही केली.

कोर्टाचा आदेश आला आणि खरंच बरंच काही झालं. नवे संडास झाले, काळजीवाहक आल्या, मारहाण थांबली. माझ्या पत्रांनी हे दहा वर्षांत झालं नसतं, हे मी आजही कबूल करते. आणि मग एका सकाळी गाडी आली नि धाकट्या मुलींना घेऊन गेली. हिरा रडली नाही. कोणीतरी सहलीला नेत असावं तशी खिडकीत बसली. गाडी वळल्यावर यमुना कितीतरी वेळ फाटकाशी उभी होती, मग ऑफिसात आली आणि टेबलाला धरून म्हणाली, "बाई, जजसायबाला कोनी सांगलं व्हतं का, ती माझी बहीन हाय म्हून?" मी तिला म्हटलं, जा, जेवून घे.

दोन दिवसांनी रुकय्या आली. तिला कळलं होतं. समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ती ओळ माझ्याकडून राहिली गं. इतक्यांदा मसुदा वाचला, तरी राहिली." मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. रुकय्या बालकल्याण समितीकडे गेली तर तिथे म्हणाले, हायकोर्टाचा आदेश आहे, आम्ही कसा मोडणार? मग तिने परवानगी काढली आणि महिन्यातून एका रविवारी यमुनेला एसटीने हिराकडे न्यायला लागली. बरोबर तेलाची बाटली आणि कंगवा. भेटीचा सगळा वेळ यमुना बहिणीचे केस विंचरायची आणि रुकय्या बाहेर बाकावर बसायची. दोन वर्षांत एकही रविवार चुकला नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ती जायच्या पंधरा दिवस आधी तिच्या घरी आमची शेवटची भेट झाली. आदेशात दुरुस्ती मागणारा अर्ज तयार आहे, म्हणाली, पण त्या दोघींना बालगृहात एकत्र राहताना पाहिलेल्या माणसाने शपथेवर सांगायला हवं. "तू देशील का प्रतिज्ञापत्र?" तिने विचारलं. मी म्हटलं, विचार करते. "कर. घाई नाही," ती म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली.

ती गेल्यानंतर एकच रविवार रिकामा गेला, पुढचा प्राजक्ताने निभावला. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, अर्जाला तारीख लागली होती. मी तिला सगळं सांगितलं, टेबलावरच्या फोनसकट. पलीकडून फक्त टाइप केल्याचा आवाज येत होता. काल तिच्या ऑफिसात गेले. प्रतिज्ञापत्र समोर ठेवलेलं होतं, मी पेन उघडलं तर ती म्हणाली, "मावशी, आधी मोठ्याने वाचायचं. मॅडमची पद्धत आहे. आपलं म्हणणं आपल्या कानावर पडल्याशिवाय त्या कोणाला सही करू द्यायच्या नाहीत." मी वाचू लागले. नाव, वय, हुद्दा, दोघी बहिणी कशा आल्या, कशा राहिल्या. मग ती ओळ आली, की याचिकेची प्रत हातात पडली त्याच दिवशी या बहिणींची ताटातूट होणार हे माझ्या लक्षात आलं होतं आणि तरीही मी ते वकिलांना कळवलं नाही... तिथे मी कागद खाली ठेवला. प्राजक्ता हळूच म्हणाली, "हे वाक्य गाळलं तरी अर्ज टिकेल, मावशी." खिडकीजवळ रुकय्याची खुर्ची होती, तिच्यावर अजून कोणी बसत नाही. मी माझी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि ते वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.