मुरायला ठेवलेले चिरूट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी खुटबावला घरीच होतो. बोटीवर असतो तर लांब होतो म्हणून मनाची समजूत तरी घातली असती. इथे भीमेचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की न्हावरे, आणि तरीही मी उशिराच पोचलो... आज सव्वा महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी तो खोका आठवतो, आणि मग माझाच राग येतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. न्हावऱ्यात त्यांच्यासारखा कांदा कोणी टिकवत नसे. कांदा साठवायच्या चाळीच्या फटीतून हात घालून कोणता ढीग आधी काढायचा ते सांगायचे. मी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका सुट्टीत मी त्यांना क्युबाच्या सिगारचा खोका आणला. दाजी त्यांना चिरूटच म्हणत. क्युबाचे असले तरी अगदी स्वस्तातले, पण असलेही ठेवले तर सुधारतात, असं बंदरावरच्या दुकानदाराने सांगितलं होतं. त्या दिवाळीत ओट्यावर बसून आम्ही एक पेटवला. दोघांचाही घसा धरला, डोळ्यांत पाणी आलं. कच्चा हाय, मुरू दे, असं म्हणून दाजींनी तो विझवला आणि खिशातली विडी काढली.

पुढच्या सुट्टीत बघतो तर खोका कांद्याच्या चाळीत, झाकण उघडं, चांगला वारा लागेल असा. टिकवायचं म्हणजे सुकवायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. चिरूट पापडासारखे झाले होते. मी बोललो, जरा जास्तच बोललो. याला ओल लागते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनीच अक्काकडून स्टीलचा मोठा डबा मागून घेतला, तळाशी पिळलेलं फडकं घातलं, वर वाटी उपडी घालून खोका ठेवला आणि डबा माठाशेजारी सरकवला. वर्षभरात चिरूट पुन्हा मऊ झाले. एक ओढून पाहिला, तर गुऱ्हाळाजवळून गेल्यासारखा वास. सुधारत होते, यात शंका नव्हती. किती थांबायचं यावर मात्र दर सुट्टीत आमची जुंपायची. ते म्हणत, हलका माल हाय, लई ठिवला तर जीव जायचा त्याचा. मी शहाणा, म्हणायचो अजून दोन वर्षं.

ती दोन वर्षं सरायच्या आत त्यांच्या छातीनेच दगा दिला. डॉक्टरांनी धूर पूर्ण बंद केला. शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, दोन शब्दांत दम लागत होता. माठाकडे बघत म्हणाले, "आता झाला आसंल न्हाई, दत्ता?"

डॉक्टर नको म्हणतात, एवढं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणालो, "अजून थोडा कच्चा आहे, दाजी. दिवाळीला काढू."

त्यांनी माठावरची नजर माझ्याकडे वळवली. "व्हय... तू म्हंतोस तर थांबू."

नुसत्या हाताने ढीग ओळखणाऱ्या माणसाला माझं खोटं कळलं नसेल, असं मला वाटत नाही. दिवाळी अजून लांब होती, तेव्हाच ते गेले.

परवा न्हावऱ्याला गेलो, तर अक्का डब्यातलं फडकं ओलं करून पिळत होती. दाजी दवाखान्यात होते तेव्हाही तिने ते वाळू दिलं नव्हतं, तसं त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं. मी खोका उघडला. वास आला तो जड, गोडसर, कुठेही न टोचणारा. झाले होते. कदाचित त्यांनी विचारलं तेव्हाच झाले असतील... मला तिथे बसवेना.

अक्काने फडकं तळाशी पसरलं. "आजून किती दिस वल्लं ठिवायचं रं हे?"

मी वाटी उपडी घातली, वर खोका ठेवला. दिवाळीपर्यंत, म्हणालो.