पिस्तुलाचा सत्कार

पुंडलिक उमाळकरांना माणसं आवडत नसत. असं कुणाबद्दल सांगितलं की ऐकणारा लगेच समजूत करून घेतो, वरून कडक असतील, आतून प्रेमळ असणार. छे हो! आतून अधिकच कडक. जबलपुरातल्या एका संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसाएवढा फरक दिसला तरी त्यावर लाल फराटा मारून बाजूला टाकायचा. संध्याकाळी घमापुरातल्या घरी आले की हाच फराटा ते घरादारावर मारत सुटत. शेजारी आळशी, मेहुणा लबाड, भाजीवाला चोर. आणि मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाबद्दल तर बोलायलाच नको. गणपतीत खुर्च्या मांडायच्या, दिवाळीत चिवड्याची तोंडभर स्तुती करायची, की झाली यांची संस्कृती जतन.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मोठे साहेब आलेच नाहीत. एका कारकुनानं हातात नारळ ठेवला, रजिस्टरवर सही घेतली आणि तो जेवायला निघून गेला. उमाळकर घरी येऊन बायकोला म्हणाले, "बरं झालं. त्या मूर्खांची भाषणं ऐकायची वाचली." प्रमोदिनीबाईंनी सकाळीच त्यांचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. त्यांनी नारळ फोडून चटणी केली.

या माणसाची मुलगी यामिनी. वय अठ्ठावीस, शाळेत खेळाची शिक्षिका, आणि स्वतःच्या परवान्याच्या पिस्तुलानं प्रॅक्टिकल शूटिंग करणारी. एका जागी उभं राहून, श्वास रोखून दूरच्या गोलाचा वेध घ्यायचा, तो प्रकार हा नव्हे. यंत्राचा आवाज झाला की कमरेचं पिस्तूल उपसायचं आणि भिंतीआडून, खिडकीतून, धावता धावता पुठ्ठ्याची आणि लोखंडाची निशाणं पाडत जायचं. नेमही मोजतात आणि वेळही. पोरगी यात अशी तयार झाली की मध्य प्रदेशात तिच्या जवळपास कुणी उरलं नाही. बापाला विचारलं तर म्हणायचा, "ठीक आहे. डावीकडे वळताना अजून ढिसाळपणा करून राहिली."

कुंडमच्या रस्त्याला नेमबाजी क्लबची रेंज आहे. निवृत्तीनंतर उमाळकर तिथले सुरक्षा अधिकारी झाले, आणि फराट्याला नवं कुरण मिळालं. या खेळाचे नियम साधे आणि निर्दय. पिस्तुलाला हात लावायचा तो नेमून दिलेल्या जागीच. नळी कायम मातीच्या बांधाकडे. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. यातलं एक चुकलं की माणूस स्पर्धेतून बाद, गयावया चालत नाही. उमाळकरांनी ठेकेदार बाद केले, डॉक्टर बाद केले, एका बड्या पोलीस अधिकाऱ्याच्या जावयाला भर उन्हात घरी धाडलं. "बोट!" असे ते खेकसले की चाळीस वर्षांची माणसं दचकायची. यामिनीच्या पहिल्याच राज्य स्पर्धेत वळताना तिची नळी जरा जास्त फिरली, तर तिलाही बाद केलं. परतीच्या वाटेवर ती गाडीत रडत होती आणि हा गृहस्थ खिडकीबाहेर बघत बसला होता. अशा बापाला काय म्हणावं!

तर यंदा यामिनीची थायलंडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. तयारी म्हणजे काय, कागदांचा डोंगर. शस्त्र देशाबाहेर नेऊन परत आणायची परवानगी, तिकडच्या पोलिसांचं पत्र, विमान कंपनीचं पत्र, पिस्तुलाची पेटी कुलूपबंद, काडतुसं वेगळ्या डब्यात. दिल्लीचा कागद आला, परदेशातला आला. अडकलं होतं ते घरापासून दहा मिनिटांवरच्या पोलीस ठाण्याचं एकपानी ना-हरकत पत्र. "थायलंडवाल्यांना भरवसा आहे, यांना नाही," उमाळकर म्हणायचे. ते पत्र नसेल तर बाकी सगळे कागद रद्दी, आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात.

घरात प्रमोदिनीबाई बेसनाचे लाडू बांधत होत्या. तिकडे किडे तळून खातात, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. "लाडू खाऊन धावणार आहे ती?" उमाळकर फिस्कारले. "सगळ्या घराचं डोकं फिरलंय."

आणि मग उगवले भाऊराव. मंडळाचे सचिव. या गृहस्थांनी आयुष्यात पिचकारीपलीकडे काही चालवलं नव्हतं, पण गावात कुणी दहावी पास झालं तरी त्याच्या सत्काराची पत्रिका यांच्या खिशात तयार असे. "पुंडलिकराव, नाही म्हणायचं नाही. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये. प्रमुख पाहुणे पण पक्के झाले, मोठे नेते आहेत जी!"

"तुमचा सत्कार म्हणजे तुमचाच फोटो," उमाळकर म्हणाले.

"असं काहून बोलता? पोरगी आपली आहे."

यामिनीला मंडळाच्या बायकांचं मन मोडवेना. ती हो म्हणाली. रविवारी सराव संपवून दोघं थेट रेंजवरून हॉलवर आले. पिस्तूल गाडीत ठेवून जाणं गुन्हा, म्हणून कुलूपबंद पेटी बरोबर घ्यावी लागली. मंचावर येताच यामिनीनं भाऊरावांना बजावलं, "काका, पेटी खुलनी नहीं चाहिए हं. बंदच राहील."

"बिलकूल, बेटा!" म्हणत भाऊरावांनी त्या पेटीलाच झेंडूचा हार घातला. काय अक्कल!

भाषणं झाली. पाहुण्यांनी खेळाचं नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी घेतलं. पहिल्या रांगेत प्रमोदिनीबाई आणि मंडळाच्या बायका. उमाळकर मंचाच्या टोकाला बसून एकेकाला मनातल्या मनात फराटा मारत होते. मग बायका ओटी भरायला वर आल्या. जीन्सवर ओटी कशी भरणार, म्हणून कुणी तरी यामिनीच्या गळ्यात ओढणी घातली आणि तिचा पदर पुढे धरायला लावला. त्यात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, वर केळी. एकीची ओटी झाली की दुसरी पुढे, आणि पहिली आपली खाली जाऊन खुर्चीवर. पोरीचे दोन्ही हात गुंतले. ओटी सोडली तर नारळ खाली, आणि नारळ खाली पडला तर सगळ्या बायका हाय खातील.

नेमके तेव्हाच पाहुणे उमाळकरांकडे वळले. माइक हातातच होता. "उमाळकरजी, चौंतीस साल आपने देश के हथियार परखे हैं. आप जैसे लोगों की वजह से फौज लड़ती है. आज आप ही दिखाइए ना, हमारी बेटी का हथियार." आणि टाळ्या. चाळीस माणसं उमाळकरांसाठी टाळ्या वाजवत होती.

उमाळकर उठले. दुसरी किल्ली त्यांच्या खिशात होती, सरावाच्या सोयीसाठी यामिनीनंच दिलेली.

"बाबा, नाही," यामिनी म्हणाली. मग मोठ्यानं, "बाबा, इथे नको!"

पण टाळ्यांत ते ऐकू गेलं की नाही, हे उमाळकरांनाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. त्यांनी हार बाजूला केला, कुलूप उघडलं, पिस्तूल उचललं, रिकामं असल्याची खात्री करून घेतली. एवढं तरी केलं. फोटोवाला ओरडला, "साहब, इधर देखिए!" ते वळले. छाती पुढे काढली. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस चारचौघांत हसला. पाहुण्यांनी खांद्यावर हात ठेवला. यामिनी हातातली ओटी धरून पांढरीफटक उभी होती. शेवटी तिनं नारळासकट सगळं भाऊरावांच्या अंगावर लोटलं, पिस्तूल काढून घेतलं, पेटीत घालून कुलूप लावलं आणि बापाकडे न बघता निघून गेली. तांदळावरून घसरता घसरता भाऊराव म्हणत होते, "थकली आहे, थकली आहे बिचारी."

सकाळी भाऊरावांनी सत्काराचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली गुलाबाची अकरा फुलं. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. उमाळकरांनी चहा पिता पिता तो उघडला. एकदा पाहिला. मग थांबवून थांबवून, पुन्हा पुन्हा पाहिला. पिस्तुलाची नळी थेट पहिल्या रांगेवर होती आणि बोट चापावर. इतरांचं बोट बघून खेकसणाऱ्याचं बोट, चापावर असं आरामात टेकलेलं. त्यांचा चहा तसाच राहिला.

साडेदहाला ठाण्यातून फोन आला. व्हिडिओ तिथे पोहोचला होता, 'या' म्हणाले. फोन ठेवेपर्यंत भाऊराव दारात. "पुंडलिकराव, सांगून टाका, खेळण्यातलं होतं! लायटर होतं म्हणा! मी गवाही देतो."

"तुम्ही घरी जा. आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवू नका."

स्कूटरवरून जाताना उमाळकरांनी मनात जबाब तयार केला. चूक माझी. मुलीचा काही संबंध नाही. जी शिक्षा असेल ती मला द्या, तिचं पत्र अडवू नका. खोटं कशाला बोलावं, त्या जबाबात त्यांना थोडं बरंही वाटत होतं. पोरगी रडेल, बाबा नको म्हणेल, आपण तिला हातानं बाजूला सारू, असं चित्र त्यांनी रेल्वे फाटकापर्यंत रंगवून पूर्ण केलं होतं. म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं!

ठाण्यात यामिनी आधीच बसली होती. नऊ वाजल्यापासून, हे शिपायानं सांगितलं. ती रडत नव्हती. ठाणेदारांनी उमाळकरांचा जबाब ऐकायच्या आधीच एक कागद पुढे सरकवला. "बेटी ने सुबह ही शिकायत दे दी है. पढ़ लीजिए."

तिच्या अक्षरात, हिंदीत, दीड पान. वेळ सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटं. मी मना केलं असताना माझ्या वडिलांनी पेटी उघडली. नळी प्रेक्षकांकडे, बोट चापावर, अंदाजे आठ सेकंद. दुसरी किल्ली मी त्यांना दिली होती, ही चूक माझी. याच पत्राची प्रत शूटिंगच्या राष्ट्रीय संघटनेला पाठवली आहे आणि वडिलांची सुरक्षा अधिकारी म्हणून नोंद रद्द करावी, अशी विनंती केली आहे.

"लाइसेंसवाले ने खुद रिपोर्ट कर दी, इसलिए इनका काग़ज़ नहीं रुकेगा," ठाणेदार म्हणाले. "आपका मामला अलग चलेगा."

म्हणजे पोरीचं काम झालं होतं, आणि तेही बापाला वाचवण्याचा प्रयत्नसुद्धा न करता. उमाळकरांनी कागद टेबलावर ठेवला. "मी तेच सांगायला आलो होतो," ते म्हणाले. "माझीच चूक आहे म्हणून. तू काहून..."

"समोर आई बसली होती, बाबा," यामिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी जावयांना आणि ठेकेदारांना बाद करताना जो आवाज लावला होता, तसाही नव्हता. दमलेला होता फक्त. "पहिल्या रांगेत. तुम्ही तिच्याकडे बघून हसून राहिले होते."

उमाळकरांनी व्हिडिओ पाच वेळा पाहिला होता. नळी पाहिली होती, बोट पाहिलं होतं, पाहुण्यांचा हात पाहिला होता. पहिल्या रांगेत कोण आहे, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

शिपायानं कागदावर बोट ठेवलं. "लिखा हुआ सब सही है, तो नीचे नाम लिखिए. पता. फिर साइन."

त्यांनी नाव लिहिलं. पत्ता लिहिला. सहीसाठी पेन खाली नेलं, तर शिपायानं थांबवलं. "अंकल, एक खाना छूट गया. शिकायतकर्ता से रिश्ता."

तक्रारदाराशी नातं. उमाळकरांनी पेन त्या रकान्यात टेकवलं. शेजारी यामिनी ना-हरकत पत्रावर शिक्का बसायची वाट बघत होती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'पिता'.