काडी दिसते, विडी दिसत नाही

एकटीनं केलेलं माझं पहिलं काम नळदुर्गजवळच्या एका दूध पावडरच्या कारखान्यात होतं. बॉयलरचा बर्नर पेटायचा, पाच सेकंद जळायचा अन् विझायचा. बर्नरच्या ज्वाळेवर नजर ठेवायला एक सेन्सर असतो, त्याला तिथं सगळे डोळाच म्हणत. ज्वाळा दिसली नाही की डिझेल बंद होतं, नाहीतर ते आत साचून भडका व्हायचा. मी नवा डोळा बसवला. बर्नर पेटला, पाच सेकंद जळला, विझला.

बॉयलर सांभाळणारे मामा शेजारीच उभे होते. "ताई, तुमचा बी आंधळाच निघाला की."

मी डिझेलचा कॉक बंद केला, ज्वाळेकडं रोखलेल्या नळीतून डोळा काढला, मीटर जोडला अन् वायर पुरेल तितका दाराकडं नेला. मामांनी त्याच्यावर बॅटरी मारली. काटा ढिम्म. मग त्यांनी विडी पेटवायला काडी ओढली अन् काटा टुणकन उडाला. काडी विझली, काटा खाली. पेटलेली विडी समोर धरली तरी खालीच.

"विडी न्हाय दिसत व्हय ह्याला?"

"निखारा नाही दिसत मामा, ज्वाळा लागते."

त्यांनी आणखी एक काडी ओढली. मग आणखी एक. काटा उडायचा अन् आम्ही दोघं हसायचो. अर्धी पेटी अशीच संपली.

हसता हसता माझ्या डोक्यात आलं, डोळा तर चांगला आहे, मग अडतं कुठं? नळीच्या तोंडाला एक काच होती, अगदी लख्ख.

"ही कधी बसवली?"

"चार दिसांमागं पहिली फुटली. फोटो फ्रेमवाल्याकडनं कापून आणली. रोज पुसतो म्या."

काच मधे धरली, मामांनी काडी ओढली. काटा हलला नाही. काच काढली, उडाला. मामांनी ती काच स्वतःच्या डोळ्याला लावून माझ्याकडं पाहिलं. "मला तर तुम्ही सपष्ट दिसताव."

ज्वाळेतली जी अतिनील किरणं हा डोळा बघतो, ती साध्या काचेतून जात नाहीत, हे मी सांगितलं. मला वाटलं, मामा ओशाळतील. ते पालथ्या डब्यावर बसून पोट धरून हसले.

क्वार्ट्‌झची काच माझ्या पिशवीत होती, तिच्यातून ही किरणं जातात. ती अन् डोळा परत बसवला, कॉक उघडला, बर्नर पेटवला. काटा निम्म्यावर येऊन थरथरायला लागला, कारण नळी ज्वाळेच्या शेंड्याकडं बघत होती. नट सैल करून मी ती बोटभर बुडाकडं वळवली, ही किरणं तिथं जास्त असतात. काटा वर गेला अन् तिथंच थांबला. आम्ही दोघांनी मोठ्यानं शंभरपर्यंत आकडे मोजले. ज्वाळा जळतच राहिली. नट आवळले अन् एवढी शिकलेली मी बॉयलरभोवती उड्या मारत एक फेरी मारून आले.

तेवढ्यात मॅनेजर आले. "काय झालं होतं?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"वाटेत अडथळा होता सर, काढला."

"कसला अडथळा?"

मामांनी तोंडाला रुमाल लावला. मला मीटरवर एकाएकी फार काही बघायचं आठवलं.